शिवकांताक्कांची ‘न्हाई’ची वही

राग कसा धरावा हे मला शिवकांताक्कांनी शिकवलं. आमच्या घरात भांडण सकाळी झालं की दुपारच्या जेवणापर्यंत मिटायचं, आणि ते मिटलं याचंच मला वाईट वाटायचं. अक्कांकडं असला कच्चा कारभार नव्हता. त्यांच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यानं एकदा त्यांच्या ज्वारीच्या पिठात दुसऱ्या कुणाचं तरी पीठ मिसळलं. अक्का त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. डबा उचलला आणि दुसऱ्या दिवसापासून दोन चौक पलीकडच्या गिरणीत जायला लागल्या. असं नऊ वर्षं चाललं. मधे एकदा तो गिरणीवाला घरी येऊन हात जोडून गेला. अक्कांनी त्याला चहा पाजला, लेकरांची चौकशी केली, माफ केलं असंही सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत दोन चौक पलीकडं गेल्या. मी विचारलं, अक्का, माफ केलं ना त्याला? तर म्हणाल्या, “केलं की. माफी मागितली, माफी दिली. दळण कुटं मागितलं त्यानं?”

मी स्वतः खुनशी माणूस आहे. हे लिहितोय तेसुद्धा कुणाचं भलं व्हावं म्हणून नाही. एका माणसाचं उट्टं काढायचं थोडं राहून गेलं असं मला बरेच दिवस वाटत होतं. त्याचं नाव इथं देणार नाही, कारण नाव आलं तर तो तेवढंच चार लोकांना दाखवत हिंडेल. मालकांच्या बायकोचा तो भाऊ, म्हणून दुकानात सगळे त्याला पाव्हणे म्हणायचे. इथंही तो पाव्हणाच राहील.

दुकान लातूरचं. प्लास्टिकच्या सामानाचं घाऊक आणि किरकोळ. बादल्या, मग, घागरी, पाण्याचे कॅन, नळ्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोनशे लिटरची निळी टिपाडं. ज्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो तिथं टिपाड ही चैन नसते. सून घरात आली की आधी कपाट घेतात की टिपाड, हे त्या वर्षीच्या पाण्यावर ठरतं. मी दुकानाचा टेम्पो चालवायचो आणि लाइनवर फिरून दुकानदारांच्या ऑर्डरी घ्यायचो. माझी लाइन औशाची आणि अहमदपूरची. अक्का काउंटरवर बसायच्या आणि कुठला माल किती मागवायचा हे ठरवायच्या. मी कामाला लागलो तेव्हा त्यांना तिथं बारा वर्षं झाली होती.

दिसायला काटकुळ्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इस्त्रीची सुती साडी, आणि आंबाड्यात खोचलेलं बॉलपेन. माहेर उदगीरच्या पलीकडचं, अगदी सीमेवरचं, त्यामुळं घरात कानडी. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायच्या, पण एखाद्याशी कायमचं फाटलं की त्याला नकार कानडीतून मिळायचा. “न्हाई” म्हणाल्या तर दोन दिवसांनी परत जाऊन विचारायला हरकत नसायची. “इल्ला” म्हणाल्या की विषय संपला. मालकांनाही हा फरक माहीत होता.

आता वहीबद्दल. विक्रीची बिलं सगळीच दुकानं ठेवतात. अक्का विक्रीची नोंद ठेवायच्या नाहीत. ती बिलात आहेच, म्हणायच्या. त्या ठेवायच्या न विकल्याची नोंद. गिऱ्हाइकानं काहीतरी मागितलं आणि ते दुकानात नसलं, की आंबाड्यातलं पेन बाहेर यायचं. काय मागितलं, किती, कुणी, कुठल्या गल्लीचा, असे चार रकाने, आणि शेवटी एकच शेरा, न्हाई. आधी लिहायच्या आणि मगच गिऱ्हाइकाला तोंडानं सांगायच्या. माल असला तर पेन जागचं हलायचं नाही. दुकानाच्या दारातून नुसतं अक्कांच्या डोक्याकडं बघितलं तरी गिऱ्हाइकाला हवं ते मिळतंय की नाही हे मला कळायचं.

सुरुवातीला मला हा म्हातारपणाचा चाळा वाटला. एकदा एक बाई टिपाड मागायला आली. टिपाड नव्हतं, तेव्हा मी गोड बोलून तिच्या गळ्यात दोन मोठ्या बादल्या मारल्या आणि अक्कांकडं फुशारकीनं बघितलं. अक्कांनी पेन काढलं आणि लिहिलं, टिपाड, एक, न्हाई. मी म्हणालो, अहो अक्का, विक्री झाली की. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. बिलात आज दोन बादल्या गेल्या. ते बघून उद्या कुणी शहाणा बादल्याच मागवंल. त्या बाईला बादली पाहिजेच नव्हती. “टिपाड मागितलं आन् बादली दिली, तर इक्री होती. पर न्हाई पुसत न्हाई.” हे वाक्य मी पुढं कितीतरी वेळा ऐकलं. एकदा ते माझ्यावरच येणार होतं, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

दुसरी त्यांची सवय म्हणजे नळाची. गिऱ्हाईक कुणीही असो, बादली घ्यायला आलेला असो की साबणदाणी, त्याला पहिला प्रश्न, “नळ कधी आल्ते?” भिंतीवरच्या कॅलेंडरावर गल्लीवार आकडे लिहिलेले असायचे, कुठं पाच दिवस, कुठं सात. मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी ऐन डिसेंबरात, लोक स्वेटर घालून फिरत असताना, अक्कांनी टिपाडांची दुप्पट ऑर्डर लिहून मालकांपुढं ठेवली. मालक म्हणाले, थंडीत कोण घेतंय? अक्कांनी कॅलेंडर दाखवलं. पाचाचे आठ झाले होते, कुठं नऊ. कारखान्यातून माल यायला वीस दिवस लागतात, गाव जागं झाल्यावर मागवून काय उपयोग, एवढंच त्या बोलल्या. फेब्रुवारीत सगळ्या लातुरात टिपाड मिळेना, फक्त आमच्याकडं होतं. मालक त्या वर्षी भेटेल त्याला सांगायचे की माझ्या काउंटरला नळातलं पाणी ऐकू येतं. तेव्हा त्यांना बाईचं कौतुक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं त्यांना ते आठवलं नाही.

वहीत काही नावांपुढं बारीक ठिपका असायचा. बरेच दिवस मला त्याचा उलगडा नव्हता. एकदा औशाच्या एसटीची वाट बघत आम्ही शेजारी बसलो होतो, तेव्हा विचारलं. तर ठिपका म्हणजे तोच माणूस परत आलेला. टंचाई पडली की माणूस घाबरतो, एकाच टिपाडासाठी आज येतो, परवा येतो, बायकोला पाठवतो, मेव्हण्याला पाठवतो. वहीत चार ‘न्हाई’ चढतात, पण टिपाड एकच लागणार असतं. म्हणून मागवताना विक्री धरायची, त्यात ‘न्हाई’ मिळवायचे आणि ठिपके सोडायचे. वर हे बघायचं की माल येईल त्या दिवशी गावाला काय लागणार आहे. मागणी आजची असते आणि माल वीस दिवसांनंतरचा, हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की मला झोपेतही पाठ होतं. ठिपक्याचं त्यांनी दुकानात दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मला का सांगितलं, कोण जाणे. बहुतेक एसटीला उशीर होता म्हणून.

मग पाव्हणे आले. पुण्यात कुठंतरी दोन वर्षं काढून आलेले, बोटात दोन अंगठ्या आणि काखेत लॅपटॉप. त्यांनी दुकानात कॉम्प्युटर बसवला, ही गोष्ट चांगलीच होती. अक्कांनाही ती आवडली होती, त्या स्वतःहून शिकायला बसल्या होत्या. हे सांगायला हवं, कारण नंतर पाव्हण्यांनी अशी आवई उठवली की बाईला मशीन नको होतं. बाईला मशीन हवं होतं. त्या फक्त म्हणत होत्या की माझी वहीपण त्यात घाला. पाव्हण्यांना वही म्हणजे रडगाणं वाटायचं. त्यांचं मशीन मागच्या तीन महिन्यांची विक्री काढायचं, सरासरी धरायचं आणि पुढची ऑर्डर छापून द्यायचं. आदल्या वर्षी पाणी बरं होतं, टिपाडं कमी गेली होती, म्हणून मशीननं कमी मागवली. ती फेब्रुवारीतच संपली. मार्चमध्ये टिपाड नव्हतंच, म्हणून विक्री शून्य. मशीननं ते शून्य बघितलं आणि ठरवलं की लोकांना टिपाड नको आहे. एप्रिलची ऑर्डर आणखी कमी. पाव्हणे तो कागद हातात धरून मालकांना सांगत होते की बघा, मागणी कशी घसरून राहिली. आणि त्याच वेळी काउंटरवर अक्कांचं पेन आंबाड्यात परत जायला तयार नव्हतं. दिवसाला चाळीस-चाळीस ‘न्हाई’.

त्या दिवसाचं आता लिहायलाच पाहिजे.

एप्रिलात चौदा टिपाडं आली. ती सकाळीच पाव्हण्यांनी मला टेम्पोत भरायला सांगितली आणि अहमदपूरच्या त्यांच्या एका दोस्ताच्या दुकानात पाठवली. तोंडी सांगितलं, मशीनमध्ये नोंद केली नाही. मी ती पोचवून दुपारी परत आलो, तर दुकानात तमाशा चालू. एक होस्टेलवाल्या बाई मालकांकडं तक्रार घेऊन आल्या होत्या की तुमची काउंटरवाली टिपाड नाही म्हणते. पाव्हण्यांनी मशीन उघडलं, तर त्यात चौदा शिल्लक. त्यांचे डोळे चमकलेले मी दारातून बघितले. त्यांनी अक्कांची वही काउंटरवरून उचलली आणि मालकांपुढं आपटली.

“हे बघा दाजी. माल हाय, आन् ही बाई न्हाई म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडं पाठवून राह्यली. आपल्याच हातानं लिवलंय सगळं. पान न् पान.”

काय डोकं म्हणावं! जी वही दुकानासाठी ठेवली, तीच अक्कांविरुद्ध पुरावा. मालकांनी पानं उलटली. एवढे ‘न्हाई’ एकदम त्यांनी कधी बघितले नव्हते, ते घाबरल्यासारखे झाले. अक्का मात्र शांत होत्या. त्यांनी दाराकडं बघितलं, मी तिथं टेम्पोची चावी हातात घेऊन उभा.

“दिगंबर, सकाळची चौदा टिपाडं कुटं गेली, सांग मालकाला.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पाव्हण्यांनीही बघितलं, आणि त्यांचं बघणं वेगळं होतं. आदल्या आठवड्यातच ते मला म्हणाले होते की नांदेडची मोठी लाइन तुला द्यायचं चाललंय. बायको माहेरची नांदेडची, लेक लहान, आम्ही दोघं त्या लाइनकडं डोळे लावून बसलेलो. मी म्हणालो, “मला आठवंना अक्का. बघावं लागंल.”

अक्कांनी परत विचारलं नाही. चपला घातल्या, पेन आंबाड्यात नीट खोचलं आणि निघाल्या. वही पाव्हण्यांच्या हातात राहिली. पुढच्या महिन्यात मला नांदेडची लाइन मिळाली. पाव्हण्यांवर मी आजवर जेवढ्या शिव्या खर्च केल्या त्यातल्या निम्म्या खरं तर माझ्या वाट्याच्या होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आपल्या वाट्याच्या शिव्या दुसऱ्याला देण्यात एक वेगळाच जोर असतो.

चार दिवसांनी सकाळी मी टेम्पो भरायला आलो, तर समोरच्या बाजूला अक्कांच्या पुतण्याचं बांगड्यांचं दुकान आहे, त्याच्या छपराखाली एक निळी प्लास्टिकची खुर्ची. आमच्याच दुकानातून घेतलेली. तिच्यावर अक्का, मांडीवर नवी कोरी वही. आमच्या दुकानातून कुणी रिकाम्या हातानं बाहेर पडलं की त्या त्याला हाक मारायच्या आणि काय मागितलं होतं, किती, कुठल्या गल्लीचा, हे विचारून लिहून घ्यायच्या. बस्स. कुणाला भडकवलं नाही, कुणाची निंदा केली नाही. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला हजर, संध्याकाळी शटर पडलं की खुर्ची पुतण्याच्या दुकानात ठेवून घरी. आठवडाभरात लोकांना सवय झाली. आत जायच्या आधीच विचारायचे, अक्का, टिपाड हाय का आत? अक्का खरं तेच सांगायच्या, “न्हाई. उगं पाय कामून दुकवता?” आणि पेन काढायच्या. आमच्या दारात आलेलं गिऱ्हाईक पायरीवरून परत फिरायचं. पाव्हणे एकदा तणतणत रस्ता ओलांडून गेले. अक्कांनी त्यांना विचारलं, बोला, काय मिळालं न्हाई तुमाला? आणि वहीचं पान उलटलं. पाव्हणे लाल होऊन परत आले. त्या दिवशी मी टेम्पोत भराभर माल टाकत होतो, कारण हसू दिसायला नको होतं.

मे उजाडला. पाव्हण्यांची आता झोप उडाली होती, आणि उडालेली मला बघवत होती. मशीन म्हणतंय मागणी नाही आणि समोरच्या खुर्चीपुढं रोज रांग. शेवटी त्यांना अक्कल आली, पण ती चोराची. मिरगाला तीन आठवडे राहिले असतील. भर दुपारी अक्का उठल्या, वही खुर्चीवर ठेवली आणि पुतण्याला मोठ्यानं सांगितलं की घरी जेवून येते, तासभर लागंल. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वही कधी डोळ्याआड केली नव्हती. चहाला जातानासुद्धा ती काखेत असायची. पाव्हण्यांना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, गुमान जा आणि मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढून आण.

मी गेलो. पुतण्या बांगड्या पुसत होता, त्यानं मान वर केली नाही. मी पान न् पान काढलं. ठिपके इतके होते की पानं गोवर आल्यासारखी दिसत होती. जवळजवळ प्रत्येक नावापुढं ठिपका, काहींपुढं दोन-दोन. म्हणजे गावाला खरी टिपाडं लागत होती ती वहीतल्या आकड्याच्या जेमतेम चौथा हिस्सा, आणि माल येईपर्यंत तीही लागतील की नाही याचा भरवसा नव्हता. पाव्हण्यांनी फोटो मोठे करून बघितले, ओळी मोजल्या आणि मला विचारलं की हे ठिपके कशाचे?

“पेन टेकवायची सवय हाय त्यास्नी,” मी म्हणालो.

इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोललो नाही. पाव्हण्यांनी मान हलवली आणि ओळी मोजल्या तेवढ्या टिपाडांची ऑर्डर दिली. वर थोडी हौसेची.

दोन ट्रक आले. बरोबर विसाव्या दिवशी. तोवर वळवाचे पाऊस दणकून झाले होते, मिरगही आला होता, नळ आठवड्यातून दोनदा यायला लागले होते, आणि ज्यांना खरंच नड होती त्यांनी कुठून कुठून टिपाडं मिळवलीही होती. गोडाऊन भरलं, मागचं अंगण भरलं, गच्ची भरली, तरी पन्नासेक फुटपाथवर उरली. दुकानात शिरायला वाट राहिली नाही. टिपाड विचारायला एक माणूस येईना. आला तो होस्टेलवाल्या बाईंचा माणूस, जुनं एक परत घेता का म्हणून. निळी टिपाडं उन्हात पांढुरकी पडत गेली. मालकांनी मेव्हण्याशी बोलणं सोडलं, मालकांच्या बायकोनं मालकांशी, आणि दिवाळीच्या आत पाव्हणे लॅपटॉप काखेत मारून गावाकडं गेले ते गेलेच. ज्या दिवशी गेले त्या दिवशी मी नांदेडच्या वाटेवर लोह्याच्या अलीकडं टेम्पो बाजूला घेतला आणि एकटाच पोट धरून हसलो. मला अजिबात वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. पाव्हण्यांनी हे कधी वाचलं तर त्यांना कळू दे की ठिपका म्हणजे काय.

मालकांनी मग अक्कांना निरोप धाडला की झालं गेलं विसरून कामावर या. अक्कांनी उलट निरोप दिला. येते, फक्त चार माणसांत एवढं म्हणा, की बाईची वही खरी होती. मालक तसे वाईट नव्हते, पण एवढं वाक्य त्यांच्या घशातून वर येईना. अक्कांना पगार नको होता, मान नको होता, तेवढं एक वाक्य हवं होतं. ते आलं नाही. मग त्यांनी पुतण्याच्या अर्ध्या दुकानात स्वतःच टिपाडं ठेवायला सुरुवात केली. टिपाडाच्या कंपनीचा नांदेडचा माणूस वही बघूनच माल द्यायला तयार झाला. मालकांच्या दुकानासमोर, मालकांच्या नाकावर टिच्चून. मी पुढं नांदेडलाच स्थायिक झालो, दुसरी नोकरी धरली. अक्का अधूनमधून आठवायच्या, आणि दर वेळी मी स्वतःला सांगायचो की एकदा चुकलो खरा, पण ठिपक्यांच्या वेळी फेड केली.

गेल्या जूनमध्ये लेकीला लातूरला क्लासला घातलं. खोली बघून दिली, तिला तिथं ठेवलं आणि सामानाची यादी घेऊन बाजारात आलो. बादली, मग, टिपाड. पाय आपोआप त्या रस्त्याला वळले. अक्का काउंटरवर होत्या. केस पांढरे, विभूती तशीच, पेन आंबाड्यात. मला ओळखलं. चहा सांगितला, बायकोची चौकशी केली, लेकीला कुठल्या गल्लीत ठेवलं ते विचारलं आणि म्हणाल्या की तिथं नळ दहा दिवसाला येऊन राह्यलेत, पाण्याचं आधी बघ.

चहा आला तसा मला धीर आला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं. अक्का, तुमच्या ठिपक्यांचं पाव्हण्यानं विचारलं होतं. मी सांगितलं नाही, उलट खोटं बोललो. ते दोन ट्रक माझ्यामुळं आले. मला वाटलं, आता त्या हसतील.

“ठावं हाय,” अक्का म्हणाल्या. त्यांनी खालच्या फळीवरून एक वही काढली. पुठ्ठा उन्हानं विटलेला, ती खुर्चीवरची वही. मागचा पुठ्ठा उलटून त्याची आतली बाजू माझ्यापुढं सरकवली, फोटो काढताना मी तिथवर गेलोच नव्हतो. तिथं एकच ओळ. काय मागितलं: गवाही. किती: एक. कुणी: शिवकांता. चौथ्या रकान्यात गल्लीच्या जागी माझं नाव होतं, कारण या वेळी गिऱ्हाईक अक्का होत्या आणि दुकान मी. आणि पुढं शेरा, न्हाई.

मी ठिपक्यांचं पुन्हा काहीतरी पुटपुटलो. अक्कांनी आवाज चढवला नाही.

“त्ये बादली झाली दिगंबर. मी टिपाड मागितल्तं.”

मग मी म्हणालो की आता जाऊन सांगतो मालकांना, समोरच बसलेत. अक्का म्हणाल्या, “ती मागणी त्या दिवसाची व्हती.” आणि वही मिटून खाली ठेवली. काही तरी बोलायचं म्हणून मी खिशातली यादी काढून पुढं केली. अक्कांनी ती वाचली. बादली काढून दिली, चांगली जाड बुडाची. मगही दिला. टिपाड, मी म्हणालो. त्यांच्या पाठीमागं भिंतीला लागून दहा-बारा टिपाडं एकावर एक उभी होती, कोरी, निळी, झाकणासकट.

अक्कांनी पेन काढलं. चालू वही ओढली आणि मला दिसेल असं लिहिलं. टिपाड, एक, दिगंबर, नांदेड, न्हाई. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “इल्ला.”

माल असताना नाही म्हणते, असा आळ त्यांच्यावर आला होता. त्या आयुष्यात तसं कधी वागल्या नव्हत्या. तेवढं एकदा वागल्या, आणि लिहूनही ठेवलं.

मी बादली आणि मग घेऊन रस्ता ओलांडला. मालक थकले होते, दुकान अर्धं रिकामं होतं. दाराशी ती जुनी टिपाडं अजून होती, उन्हानं पांढरी पडलेली. मी एक मागितलं. मालकांनी चष्मा वर करून मला ओळखलं, मग समोर बघितलं आणि विचारलं, “तिकडं न्हाई मिळालं? मागं थप्पी दिसून राह्यली की तिच्या.”

“अक्का न्हाई म्हणाल्या म्हंजे न्हाई, मालक,” मी म्हणालो. “आन् त्या दिवशीची चौदा मी नेल्ती. अहमदपूरला. पाव्हण्यांनी धाडली होती. वही खरी व्हती.”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक हमाल होता. मालकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले.

मी पांढरं पडलेलं टिपाड खांद्यावर घेतलं आणि निघताना एकदा मागं बघितलं. अक्कांपुढं कुणी नवीन गिऱ्हाईक उभं होतं, त्या त्याच्याशी बोलत होत्या. रस्त्याच्या या बाजूला त्यांनी बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. पेन आंबाड्यात होतं. त्या गिऱ्हाइकाला हवं ते मिळालं होतं.